सातवाहन राजे : काल, मूलस्थान आणि कर्तृत्व यांविषयींच्या वादाचा आढावा

बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूर-केजकडे चढणारा असे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात ते तेलगाव आज साखर कारखान्यामुळे आणि गळिताच्या हंगामात चौकातून अहोरात्र चालणाऱ्या उसाच्या वाहतुकीमुळे परिचित आहे. परंतु उत्तरेस माजलगावापलीकडे वाहणारी गोदावरी, तिच्या वरच्या अंगाचे पैठण आणि दक्षिणेस बालाघाटाचे पठार ओलांडल्यावर लागणारे तेर ही तीन स्थाने नजरेपुढे आणली, म्हणजे हा सारा टापू एका फार जुन्या राज्याच्या अगदी पोटात येतो हे ध्यानात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्राच्या व हिंदी महासागराच्या व्यापारमार्गांचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलीवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या मजलीवर तगर अशी दोन मोठी बाजारपेठांची नगरे सांगितली असून, तेथला माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदरास येत असे, अशी नोंद केली आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले आणि ते बहुतेकांनी मान्य केले. मात्र तेर हे पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे आणि तेवढ्या अंतराला दहा दिवस का लागावेत, ही शंका पुरती मिटलेली नाही. नकाशावर पैठण ते तेर अशी सरळ रेघ ओढली, तर ती बीड शहराच्या अगदी जवळून जाते.

या मुलखावर ज्यांचा अंमल होता त्या सातवाहन राजांविषयी गेली दीडशे वर्षे विद्वानांत जी चर्चा चालू आहे, तिचे तीन मुख्य प्रश्न आहेत : हे राजे केव्हा झाले, ते मूळचे कोठले, आणि त्यांच्या नावावर सांगितले जाणारे कर्तृत्व कितपत प्रमाणाने सिद्ध होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची आजची स्थिती मांडण्याचा हेतू आहे.

साधने

सातवाहनांचा इतिहास तीन प्रकारच्या साधनांवर उभा आहे आणि त्या तिन्हींचा आपसांत मेळ बसत नाही, हीच या वादाची खरी जननी होय. पहिले साधन पुराणांतील राजवंशांच्या याद्या. मत्स्यपुराणात या घराण्याचे ३० राजे व ४६० वर्षे सांगितली आहेत, तर वायुपुराणाच्या परंपरेत राजांची संख्या बरीच कमी असून एकूण काळ ३०० वर्षांच्या आसपास धरलेला आहे. शिवाय हस्तलिखितागणिक नावे व आकडे बदलतात, हे पार्जिटर यांनी १९१३ साली सर्व पाठ एकत्र करून दाखविले. दुसरे साधन कोरीव लेख; नाणेघाट, नाशिक, कार्ले, कान्हेरी, सांची अशा ठिकाणी ते आढळतात, पण त्यांपैकी एकाही लेखात सातवाहन राजाने कोणत्याही शकाचा उल्लेख केलेला नाही; केवळ आपल्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजलेली आहेत. तिसरे साधन नाणी. शिसे, तांबे, पोटीन व क्वचित चांदी यांची ही नाणी विपुल आहेत, परंतु त्यांवर ‘सातकर्णी’ आणि ‘पुळुमावी’ ही नावे इतक्या वेळा येतात की त्यांतला कोणता सातकर्णी कोणता, हे ठरविण्यातच अभ्यासकांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

या साधनांत नाणेघाटाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावरील लेणे १८२८ साली साइक्स यांनी प्रथम प्रकाशात आणले. आतील भिंतीवर एकेकाळी राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने उभ्या होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री आणि कुमार सातवाहन अशी ती नावे असून, शेजारच्या भिंतींवरील दीर्घ लेखात नागनिकेच्या कुळाने केलेल्या अश्वमेधादी यज्ञांची आणि गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण यांच्या दक्षिणांची याद दिलेली आहे. त्याच घाटात असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे वाटाडे हटकून सांगतात. कल्पना मनोरम आहे, पण तिला लेखी आधार नाही.

एकाच पुराणातली दोन गणिते

कालनिर्णयाचा वाद वस्तुतः पुराणांतल्याच दोन विधानांच्या विरोधातून उपजलेला आहे. सातवाहनांची सत्ता इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रथमपादात लोपली याविषयी फारसा मतभेद नाही. तेथून मत्स्यपुराणातील ४६० वर्षे मागे मोजत गेले की घराण्याचा मूळपुरुष सिमुक याचा काळ इ. स. पूर्व २३५ च्या सुमारास, म्हणजे अशोकाच्या मृत्यूच्या आगेमागे येतो. व्हिन्सेंट स्मिथ, गोपालाचारी प्रभृतींनी थोड्याफार फरकाने हा ‘दीर्घ’ कालक्रम स्वीकारला. परंतु तीच पुराणे असेही सांगतात की सिमुकाने काण्व घराण्यातील शेवटचा राजा सुशर्मा याला पदच्युत करून राज्य मिळविले. आणि मौर्यांची १३७, शुंगांची ११२ व काण्वांची ४५ अशी पुराणोक्त वर्षे चंद्रगुप्ताच्या राज्यारोहणापासून ओळीने मोजली, तर सिमुक इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस येऊन ठेपतो. देवदत्त भांडारकर, हेमचंद्र रायचौधरी व दिनेशचंद्र सरकार यांनी अनेक कारणांस्तव या ‘लघु’ कालक्रमाची बाजू घेतली. दोन्ही पक्षांच्या हाती दप्तर एकच. फरक एवढाच की एकाने बेरीज प्रमाण मानली आणि दुसऱ्याने क्रम.

अक्षरवटिकेच्या, म्हणजे अक्षरांच्या वळणाच्या, शास्त्राने हा तंटा मिटेल अशी आशा होती, ती फळास आली नाही. ब्यूलर यांनी नाणेघाटाची अक्षरे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या प्रारंभाची ठरविली होती. पुढे विदिशेजवळील बेसनगरच्या गरुडस्तंभावरील अक्षरांशी त्यांची तुलना करून सरकारांनी ती त्याहून उत्तरकालीन, इ. स. पूर्व पहिल्या शतकातील असल्याचे मत मांडले. अक्षरांच्या वळणावरून इतका नेमका निवाडा होऊ शकत नाही. कलिंगाच्या खारवेलाने सातकर्णीची तमा न बाळगता पश्चिमेकडे सैन्य धाडल्याचे हाथीगुंफा लेखात म्हटले आहे खरे, पण खारवेलाचा स्वतःचाच काळ वादग्रस्त असल्यामुळे एका अज्ञाताने दुसरे अज्ञात सोडविण्यासारखा तो प्रकार होतो.

या गतिरोधाला अलीकडच्या काळात जर कोणी खरा धक्का दिला असेल तर तो कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे गेल्या शतकाच्या अखेरीस उत्खनन झालेल्या स्तूपाने. तेथील शिलापट्टांवर राजांच्या प्रतिमा कोरल्या असून त्यांखाली नावे आहेत. ‘राया असोको’ असे अशोकाचे नाव तेथे आहे आणि त्याबरोबरच सातवाहन राजांचीही आहेत. सिमुकाच्या १६ व्या राज्यवर्षाचा लेख तेथे वाचला गेला आहे. परंतु त्याहून अधिक बोधक गोष्ट ही की मंतलक आणि सुंदर सातकर्णी या नावांचे राजे तेथे प्रतिमारूपाने उभे आहेत. ही नावे तोपावेतो केवळ पुराणांच्या यादीतच आढळत असल्यामुळे, यादी लांबविण्यासाठी घातलेली भरताड म्हणून त्यांची बोळवण करण्याकडे लघुपक्षाचा कल होता. ते राजे होऊन गेले एवढे आता निर्विवाद झाले. मात्र यावरून पुराणांचे ४६० वर्षांचे गणित सिद्ध झाले असे म्हणता येत नाही; नावे खरी निघाली म्हणजे त्यांच्यापुढचे आकडेही खरे, असे अनुमान कोणतीही न्यायपद्धती मान्य करणार नाही.

नहपानाचे ४६ वे वर्ष

घराण्याच्या उत्तरार्धात प्रवेश करताच भूमी थोडी घट्ट लागते, आणि येथे सर्व भार एका शत्रूवर येऊन पडतो. क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याने नाशिक, जुन्नर व कार्ले हा मुलूख सातवाहनांकडून हिरावून घेतला होता. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे आणि अमात्य अयमाच्या जुन्नर येथील लेखात ४६ हे वर्ष आले आहे. यापुढे नहपानाचे नाव नाही. पुढे दिसतो तो गौतमीपुत्र सातकर्णी.

या सत्तांतराचा जो पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडला, त्याच्याइतका बोलका पुरावा प्राचीन भारताच्या इतिहासात विरळाच. तेथल्या ठेव्यात नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी निघाली आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा उठविलेला होता. यांपैकी एखादे नाणे हाती घेऊन न्याहाळले तर क्षत्रपाचा मुखवटा, त्याचे नाक व हनुवटी आणि कडेची ग्रीक अक्षरे अर्धवट दिसतात, आणि त्यांच्यावर तीन कमानींचा डोंगर व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह निष्ठुरपणे ठोकलेले दिसते. नाणी वितळवून नवी पाडण्याइतका अवकाश नव्हता, की शत्रूचा मुखवटा आपल्या चिन्हाखाली दडपलेला जनतेने पाहावा असाच हेतू होता, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही कारणे एकत्र असणेही असंभवनीय नाही.

आता ४६ हे वर्ष कोणत्या गणनेचे? ते इ. स. ७८ पासून सुरू होणाऱ्या शकाचे मानल्यास इ. स. १२४ येते आणि गौतमीपुत्राचा विजय त्याच्या १८ व्या राज्यवर्षाच्या सुमारास, इ. स. १२४-१२५ मध्ये पडतो. हा पक्ष दीर्घकाळ सर्वमान्य होता. बहुतेक पाठ्यपुस्तकांतून गौतमीपुत्राच्या राज्यारोहणासाठी जे इ. स. १०६ दिलेले असते ते याच हिशेबाने. टॉलेमीच्या भूगोलात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या मध्यास, पैठण ही ‘सिरो पोलेमायोस’ याची राजधानी व उज्जयिनी ही ‘तिआस्तनेस’ याची राजधानी म्हटली आहे. गौतमीपुत्राचा मुलगा श्रीपुळुमावी व क्षत्रप चष्टन हे समकालीन होते, असा यावरून निघणारा निष्कर्ष या मांडणीशी नीट जुळतो.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ही वर्षे शकाची नसून नहपानाची स्वतःची किंवा अन्य गणनेची असावीत. उपरोक्त ग्रीक व्यापाऱ्याने भडोचच्या ज्या राजाचे नाव दिले आहे तो नहपानच असेल, तर तो पहिल्या शतकाच्या मध्यास राज्य करीत होता असे मानावे लागते. शिवाय कच्छातील अंधौ येथील शक ११ चा, म्हणजे इ. स. ८९ चा, चष्टनाचा लेख शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केल्यापासून, चष्टन कच्छात नांदत असताना नहपान त्याच काळी गुजरात-महाराष्ट्रावर आणखी पस्तीस वर्षे राज्य करीत होता हे मानणे अवघड वाटू लागले. जो क्रिब व शैलेंद्र भांडारे या नाणकशास्त्रज्ञांनी नाण्यांच्या क्रमावरून गौतमीपुत्रास पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नेले आहे. या मताने टॉलेमीची माहिती त्याच्या काळाहून जुनी होती असे धरावे लागते. ते अशक्य नाही, पण ती एक उसनवारीच होय. आजमितीस नाणकशास्त्राचा कौल दुसऱ्या पक्षाकडे झुकत असल्याचे दिसते, तरी निकाल लागला असे म्हणण्यास नहपानाचा एखादा निःसंदिग्ध शकांकित लेख मिळाला पाहिजे.

या सर्व घालमेलीत एक खुंटी मात्र पक्की आहे. गिरनारच्या लेखात शक ७२ या वर्षाचा निर्देश करणाऱ्या महाक्षत्रप रुद्रदामनाने, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, आपण दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा सरळ युद्धात जिंकले, परंतु संबंध दूरचा नसल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे म्हटले आहे. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची कन्या असल्याचे आढळते. हे सोयरिकीचे नाते लक्षात घेता, दोन घराण्यांतील वैर पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालले होते, ही समजूत सैल करावी लागते.

मूळचे कोठले

पुराणे या राजांना ‘आंध्र’ किंवा ‘आंध्रभृत्य’ म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या एकाही लेखात हा शब्द नाही. रामकृष्णपंत भांडारकर व स्मिथ यांच्या पिढीने पुराणांचा शब्द प्रमाण धरून त्यांचे मूलस्थान कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडे शोधले. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी, म्याकदोनी लेखातील ‘सातवाहनीहार’ या प्रदेशनामाचा आधार घेऊन, ते बळ्ळारीकडचे असल्याचे सुचविले. वासुदेव विष्णु मिराशी यांनी विदर्भाकडे अंगुलिनिर्देश केला व नाशिकच्या लेखात गौतमीपुत्रास लाविलेले ‘बेनाकटकस्वामी’ हे विशेषण वैनगंगेशी जोडले. सर्वांत जुने लेख नाणेघाट व नाशिक येथे मिळतात, म्हणून मूलस्थान पश्चिम महाराष्ट्र, हा चौथा पक्ष. त्यानंतर तेलंगणात करीमनगर भागात गोदावरीकाठच्या कोटिलिंगाल येथे सिमुकाच्या नावाची नाणी व त्याच्या आधीच्या स्थानिक राजांचीही नाणी मिळाल्यावर पहिल्या पक्षाला, समुद्रकिनाऱ्याकडून आत सरकून का होईना, नवे बळ आले.

येथे एक गोष्ट अवांतर असली तरी नमूद करण्याजोगी वाटते. पैठण, बीड, तेर, कोटिलिंगाल, कोंडापूर आणि सन्नती ही सर्व स्थळे एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि एकाच पुरातत्त्व खात्याच्या कक्षेत येत होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती मुंबई (पुढे महाराष्ट्र), आंध्र व म्हैसूर यांच्यात वाटली गेली, आणि पुढे तेलंगणही वेगळे झाले. परिणामी एकाच राज्याचे अवशेष निरनिराळ्या खात्यांच्या अहवालांत विखुरले आणि मूलस्थानाच्या चर्चेस प्रांताभिमानाची किंचित झाक आली. ज्या काळी भाषावार सीमा नव्हत्या त्या काळच्या राजघराण्याला आजच्या एका राज्याचे रहिवासी ठरविण्याचा प्रश्न मुळातच कितपत सयुक्तिक आहे, अशी पृच्छा आता बरेच अभ्यासक करतात. गोदावरीचे खोरे, पैठणपासून करीमनगरपर्यंत, हा एकच सलग टापू समजला तर परस्परविरोधी भासणारे पुष्कळसे पुरावे शेजारी शेजारी बसू शकतात. माझा स्वतःचा कल याच मांडणीकडे आहे, पण तिलाही सिमुकाच्या आधीच्या पिढ्यांचा पुरावा हवा आहे.

कर्तृत्व : प्रशस्ती आणि हुकूम

सातवाहनांच्या पराक्रमाविषयी जे सांगितले जाते त्यातील बहुतांश नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील एका लेखातून आलेले आहे. पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी गौतमी बलश्री या वृद्ध राजमातेने ते लेणे भिक्षुसंघास दान देताना, दिवंगत पुत्राचे गुणवर्णन तेथे कोरविले. शक, यवन व पल्हव यांचा संहारक, क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्राशन केले असा, आणि अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावन्ती इत्यादी देशांचा अधिपती, असे ते वर्णन आहे. नहपानाच्या पराभवापुरते ते जोगळटेंभीच्या नाण्यांनी तंतोतंत खरे ठरते. परंतु तीन समुद्रांचा उल्लेख हा अधिकाराचा नकाशा नव्हे, तो स्तुतीचा संकेत आहे, हे मत आता रूढ झाले आहे. पुत्राच्या मृत्यूनंतर आईने लिहविलेल्या मजकुराकडे जिल्हावार तपशील मागणे हेही योग्य नव्हे.

प्रशस्तीपेक्षा राज्यकारभाराचे खरे रूप मला त्याच लेण्यातील दोन कोरड्या हुकुमांत अधिक दिसते. पहिला गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाचा. वैजयंतीच्या विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास आज्ञा होते की, पश्चिम काखडी गावी पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंस दिले आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, कोणी उपद्रव देऊ नये, मिठासाठी खणू नये. पुढच्या काळात ज्यास सर्वमाफीची इनाम सनद म्हणत, तिचेच हे पूर्वरूप. दुसरा हुकूम २४ व्या वर्षाचा, राजा व राजमाता या दोघांच्या नावे अमात्य श्यामकास दिलेला : काखडीचे ते शेत कसले जात नाही व ते गावही वसत नाही, सबब नगराच्या शिवेवरील आमच्या खासगी शेतातून १०० निवर्तने भिक्षूंस द्यावी. दोनशेची शंभर झाली, पण सहा वर्षांपूर्वीच्या दानाचा पाठपुरावा झाला. विजयी राजाने दिलेली जमीन ओसाड निघावी, त्याची तक्रार दरबारापर्यंत पोहोचावी, आणि तिच्यावर निर्णय होऊन तो दगडावर नोंदला जावा, ही घटना अश्वमेधापेक्षा लहान असली तरी राज्ययंत्राविषयी अधिक सांगते.

तरीही हे यंत्र किती घट्ट होते याविषयी दोन मते आहेत. आहार नावाचे विभाग, त्यांवर अमात्य, राजाज्ञांच्या लेखी नोंदी, यांवरून मौर्य परंपरेतील केंद्रीभूत शासनाची कल्पना काही जण करतात. उलटपक्षी, महारठी व महाभोज हे स्वतःच्या नावाने दाने करतात व काही महारठी नाणीही पाडतात. पुळुमावीच्या म्याकदोनी लेखात महासेनापती स्कंदनागाचा जनपद व गौल्मिक कुमारदत्ताचे गाव असे निर्देश येतात. आणि नाण्यांच्या जाती प्रदेशागणिक भिन्न आहेत. यावरून हे राज्य स्थानिक सरदारांच्या संमतीवर उभे असलेले सैल संघटन होते असे दुसरे मत आहे. गोवर्धनच्या आहारात पहिले व तुंगभद्रेकडे दुसरे खरे असणे शक्य आहे.

व्यापाराच्या श्रेयाचा प्रश्नही असाच. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेईच्या मूर्तीशी नाते सांगते, नेवाशाच्या उत्खननात सागरपारच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले, आणि पूर्व किनाऱ्यावर दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणी चालत होती. परंतु या भरभराटीत राजांचा वाटा किती आणि श्रेणी, विहार व सार्थवाह यांचा किती, हे वेगळे काढता आलेले नाही. वाङ्मयाच्या बाबतीत पुराणांच्या यादीत अवघी पाच वर्षे राज्य करणाऱ्या हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे. तिच्यात गोदावरी, शेतमळे व कुणब्यांची घरे जागोजाग येतात, मात्र तिच्यात पुढील शतकांतील भर पडलेली आहे हेही सर्वमान्य आहे.

मातृनामांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे होईल. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र या नावांवरून मातृसत्तेचा तर्क एके काळी झाला. गादी मात्र पित्याकडून पुत्राकडेच जात असल्याने तो मागे पडला. ही नावे ब्राह्मण गोत्रांची आहेत आणि बलश्रीच्या लेखात पुत्रास ‘एकबम्हण’ म्हटले आहे, यावरून वर्णाविषयी अनुकूल-प्रतिकूल बरेच लिहिले गेले. त्या एका शब्दाला तेवढा भार पेलवत नाही.

उत्तरकाल

पंचांगावर छापलेला शालिवाहन शक आणि पैठणच्या कुंभारवाड्यात मातीचे सैन्य सजीव करणारा शालिवाहन, या दोहोंमुळे सामान्य वाचक सातवाहनांस ओळखतो. तथापि या शकास शालिवाहनाचे नाव जोडलेले आढळते ते घराणे लोपल्यानंतर शेकडो वर्षांनी. त्याचा आरंभ कनिष्काकडे जातो की चष्टनाकडे, ही निराळी चर्चा आहे, आणि तो वापरात आणणारे सातवाहन नसून त्यांचे शत्रू होते, एवढे निश्चित.

यज्ञश्री सातकर्णीचे लेख नाशिक व कान्हेरीपासून आंध्रातील चिन्नगंजामपर्यंत मिळतात. दोन्ही समुद्रांकडे अधिकार असलेला तो अखेरचा राजा. त्यानंतर नाशिककडे आभीर, कृष्णेच्या खोऱ्यात इक्ष्वाकू, दक्षिणेस चुटू असे तुकडे पडलेले दिसतात. या विघटनाची कारणे सागरी व्यापाराच्या मंदीत शोधावीत की सरदारांच्या प्राबल्यात, यावर एकमत नाही. आणि कारणांच्या आधी राजांचा क्रमच लागलेला नाही. १९३९ साली विदर्भात तऱ्हाळा येथे सापडलेल्या सुमारे १,६०० नाण्यांच्या ठेव्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी असे तीन राजे निघाले, ज्यांची नावे पुराणांच्या कोणत्याही यादीत नाहीत. ते यज्ञश्रीनंतर पैठणच्या गादीवर बसले की विदर्भापुरती एखादी शाखा चालवीत होते, यावर मिराशींपासून आजपर्यंत मते मांडली गेली आहेत. पैठणच्या पांढरीचा बराच भाग अद्याप वसत्या घरांखाली असल्याने तेथून या क्रमास दुजोरा मिळण्याची वाट तूर्त बंद आहे, आणि नाणकशास्त्रज्ञ विदर्भ व तेलंगणातील नव्या ठेव्यांकडे डोळे लावून आहेत.